तळघरातली संशयी मंडळी

तेलाचा ट्रक येतो तेव्हा आमचं घर शिट्टी वाजवतं. न्यू हॅम्पशरमधल्या जुन्या घरांना ही खोडच आहे. ड्रायव्हर रस्त्यावर ट्रक उभा करतो, जाडजूड होज ओढत घराच्या बाजूला येतो, भिंतीतून बाहेर डोकावणाऱ्या दोन नळ्यांपैकी एकीला ती जोडतो आणि दुसरीकडे कान देऊन उभा राहतो. टाकी तळघरात आहे, २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरांना थोडी वरचढ. ड्रायव्हरला ती दिसत नाही. तो घरात येत नाही, बेल दाबत नाही. पुष्कळदा घरात कुणी नसतंही. तेल आत शिरतं तशी टाकीतली हवा दुसऱ्या नळीवाटे बाहेर निघते आणि वाटेत बसवलेल्या शिट्टीतून जाताना वाजते. वाजते आहे तोवर टाकीत जागा आहे. थांबली की भरली. आणि पहिल्यापासून वाजलीच नाही, तर शहाणा ड्रायव्हर तेल सोडतच नाही. कारण कुणीतरी टाकी काढून गॅस घेतला, भिंतीतली नळी मात्र तशीच ठेवली, पत्ता चुकलेला ट्रक आला आणि रिकाम्या तळघरात शेकडो गॅलन तेल सोडून गेला, असे प्रकार या देशात झालेले आहेत.

या शिट्टीला वायर नाही, बॅटरी नाही, पासवर्ड नाही. तेलावर तापणाऱ्या घरात जी राखणदार मंडळी असतात त्यांतली ही सगळ्यात साधी, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची. बाकीच्यांची ओळख व्हायला मला एकेकाला हात लावून बघावा लागला.

अमेरिकेत बहुतेक घरं नैसर्गिक वायूवर नाहीतर विजेवर तापतात. तेलवाली घरं उरली आहेत ती मुख्यतः या ईशान्य कोपऱ्यात. गावोगाव वायूच्या नळ्या पोचल्या नाहीत, आणि लोकांनी कोळसा सोडला तेव्हा हाताशी तेल होतं. मेनइतकं तेलावर विसंबलेलं दुसरं राज्य देशात नाही. हे तेल म्हणजे जवळजवळ डिझेलच. त्यात लाल रंग घालतात, कारण रस्त्यावरच्या डिझेलवर कर आहे आणि तळघरातल्या तेलावर तो नाही. गाडीच्या टाकीत लाल तेल सापडलं तर दंड. उलट दिशेने मात्र मोकळीक आहे. जानेवारीतल्या रात्री घरचं तेल संपलं तर पंपावरून पिवळ्या कॅनमध्ये डिझेल आणावं आणि ओतावं. बॉयलर काही बोलत नाही.

घरात बॉयलर आहे म्हटल्यावर सांगलीकडच्या आमच्या मामांचे डोळे मोठे झाले होते. मामांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये गेली. त्यांच्या लेखी बॉयलर म्हणजे मान वर करून बघायची वस्तू. बगॅसवर पेटणारा, गळिताआधी दसऱ्याच्या सुमारास चेअरमन सपत्नीक येऊन ज्याची पूजा करतात, आणि ज्याच्या अग्निप्रदीपनाची बातमी फोटोसकट पेपरात येते, तो. आमचा फोटो मी पाठवला. कपाटाएवढा निळा पत्र्याचा डबा, वर धुराड्याचा पाइप, खाली बर्नर. मामांनी तो मोठा करून करून पाहिला आणि फोन केला.

"प्रेशर किती?"

"बारा पौंड."

पलीकडे हिशेब झाला. "म्हणजे एक किलोसुद्धा नाही?" त्यांच्याकडे पंचेचाळीस किलोचा होता. हसू आवरल्यावर त्यांनी खरा प्रश्न विचारला. "आणि त्याच्यापाशी बसतं कोण?"

"कुणी नाही."

"रात्रीचं?"

"रात्रीही कुणी नाही. आम्ही वर झोपतो."

मामा गप्प झाले. भारतात बॉयलरपाशी बसण्याची परीक्षा असते, सर्टिफिकेट असतं, त्यात पुन्हा फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास असतो. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या धाकात ज्यांचा जन्म गेला, त्यांना भाचा आगीच्या डोक्यावर पलंग टाकून झोपतो ही कल्पना पटण्यासारखी नव्हती. "लक्ष ठेव," एवढंच म्हणाले. त्यांच्या प्रश्नाचं नीट उत्तर मलाही तेव्हा देता आलं नाही. आता देता येईल. बसतं कोण? तर चारपाच जण बसतात, आणि त्यांतला कुणीही दुसऱ्यावर विश्वास ठेवत नाही.

पहिला वर दिवाणखान्यात असतो, थर्मोस्टॅट. त्याला फक्त हवा कळते. याच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते, कारण ती एका वैतागलेल्या मास्तरांची आहे. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावच्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्ग किती तापलाय हे बघायला शाळेचा शिपाई तास चालू असताना दार उघडून आत यायचा, मग खाली जाऊन भट्टी कमीजास्त करायचा. शिकवण्याची लय मोडायची. जॉन्सननी वर्गात विजेचं यंत्र बसवलं आणि तळघरात घंटा. वर्ग तापला किंवा गारठला की खाली घंटा वाजणार, शिपायाने तिथल्या तिथे काय ते करायचं, वर यायचं नाही. १८८३ साली त्यांनी पेटंट घेतलं. जगातले कितीतरी शोध मानवजातीच्या कल्याणासाठी लागले असतील. हा एका माणसाला वर्गाबाहेर ठेवण्यासाठी लागला. दोनच वर्षांनी मिनिॲपोलिसमध्ये अल्बर्ट बुट्झ यांनी कोळशाच्या भट्टीचं हवेचं झाकण आपोआप उघडेल-मिटेल अशी छोटी मोटर केली आणि शिपायाला तळघरातूनही रजा मिळाली.

आमच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट गोल आहे. हेन्री ड्रेफस यांनी रूप दिलेला हा नमुना १९५३ मध्ये बाजारात आला आणि इतका खपला की अमेरिकन माणसाला थर्मोस्टॅटचं चित्र काढायला सांगितलं तर तो आधी वर्तुळ काढेल. आत दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी, तिच्या टोकाला काचेची कुपी आणि कुपीत पाऱ्याचा थेंब. गारठा वाढला की पट्टी वळते, कुपी कलते, पारा घरंगळून दोन तारांना जोडतो. पण यातली मला सर्वांत लबाड वाटते ती एक बारीकशी तार. बॉयलर चालू असताना ही तार थर्मोस्टॅटच्या पोटात थोडीशी तापते आणि खोली अजून पुरती गरम झालेली नसताना त्याला ती झाल्यासारखी वाटते. तो थोडा आधीच "पुरे" म्हणतो. मग नळ्यांमध्ये उरलेल्या उष्णतेने खोली बरोबर हवी तिथे येऊन थांबते. ही तार नसती तर खोली दर वेळी जरुरीपेक्षा जास्त तापली असती. पहिल्याच राखणदाराला रोज फसवावं लागतं, तेव्हा कुठे घर सुखात राहतं.

दुसरा तळघरात, बॉयलरच्या अंगावर बसवलेला करडा डबा. ॲक्वास्टॅट. याला हवेचं काही सोयरसुतक नाही. त्याला पाणी कळतं. बॉयलरच्या पोटात एक बंद तोंडाची पितळी नळी खुपसलेली असते, तिच्यात याचं तांब्याचं बोट. बोटात द्रव, तो तापून फुगला की केसासारख्या बारीक नळीतून जोर लागतो आणि डब्यातला खटका बदलतो. वरचा थर्मोस्टॅट कितीही ओरडला तरी पाणी १८० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सेल्सियसच्या ८२ ला पोचलं की हा बर्नर बंद करतो. आणि पाणी १६० च्या खाली गेलं असेल तर घरभर पाणी फिरवणारा पंपच अडवून धरतो; आधी स्वतःचं पोट तापू दे, मग वाटप. त्या पंपाचा सर्वत्र दिसणारा एक नमुना ऱ्होड आयलंडच्या क्रॅन्स्टन गावातल्या कंपनीचा आहे आणि त्याच्यावर छापलेला नंबर ००७ आहे. एवढा नंबर लावून तो आयुष्यभर गरम पाणी गोल गोल फिरवत बसतो.

आमच्यासारख्या घरांत नळाचं गरम पाणीही याच बॉयलरच्या पोटातल्या वेटोळ्यातून येतं. त्यामुळे जुलै महिन्यात, बाहेर अंगाची लाही होत असताना, तळघरात मधूनच घरघर सुरू होते. कुणी आंघोळ करत नसलं तरी. पाणी १६० च्या खाली आलेलं असतं आणि ॲक्वास्टॅटला ऋतू कळत नाहीत. माझी बायको या खर्चाकडे शांतपणे पाहते. तिचं म्हणणं, मुंबईला असताना आंघोळीच्या पाण्यासाठी गीझर आधी पंधरा मिनिटं लावायची आठवण ठेवावी लागायची. इथे ती आठवण तळघराला दिली आहे, तिचं भाडं द्यायला हवं.

तिसऱ्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण बॉयलरच्या बाबतीत माणसाची खरी परीक्षा त्याच्यापाशी होते. बर्नर म्हणजे तेल दाबाने बारीक फवारून, त्यावर दहा हजार व्होल्टची ठिणगी पाडून जाळ करणारं यंत्र. फवारा उडाला आणि जाळ झालाच नाही तर? मामांच्या कारखान्यात हे बघायला माणूस आहे. आमच्याकडे एक डोळा आहे. बोराएवढी काचेची गोळी, आत कॅडमियम सल्फाइड. अंधारात ती वीज जवळजवळ जाऊच देत नाही. उजेड पडला की वाट मोकळी करते. बर्नरच्या नळीत मागच्या बाजूला बसून ती एकटक जाळाकडे बघत असते. बर्नर सुरू झाला आणि ठरलेल्या वेळात, जुन्या कंट्रोलमध्ये ४५ सेकंद, नव्यांत १५, तिला उजेड दिसला नाही, तर सगळं बंद. मग लाल बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. उलट, बर्नर सुरू व्हायच्या आधीच उजेड दिसला तरीही ही तयार होत नाही. जिथे अंधार हवा तिथे उजेड कसला, अशी शंका. या डोळ्याआधीच्या काळात धुराड्याच्या पाइपमध्ये खुपसलेली धातूची गुंडाळी असायची, ती धूर तापला की वळायची. म्हणजे जाळ आहे की नाही हे धुराच्या गरमपणावरून ओळखायचं. तिला वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात न जळलेलं तेल पुष्कळ साठायचं.

आता ते लाल बटण. पहाटे घर गारठलेलं आहे, बाहेर उणे वीस, माणूस पांघरूण लपेटून तळघरात उतरतो आणि त्याला सगळ्या राखाडी यंत्रात एकच रंगीत गोष्ट दिसते. तो ती दाबतो. बर्नर घुरघुरतो, थांबतो. पुन्हा दाबतो. पुन्हा. दर वेळी जाळाशिवाय तेल फवारलं जातंय, खाली साचतंय, हे त्याला दिसत नाही. मग एकदाची ठिणगी लागते आणि साचलेलं सगळं एकदम पेटतं. धुराड्याचा पाइप निखळतो आणि काजळी घरभर. पडद्यांवर, कपाटांत, बंद डब्यांच्या झाकणांवर. इथल्या लोकांनी याला पफबॅक असं गोजिरवाणं नाव दिलंय, पण नंतर घर धुवायला विमा कंपनीची माणसं येतात. माणसांच्या या बटणदाबू स्वभावाला कंटाळून नव्या कंट्रोलमध्ये अशी सोय केली की लागोपाठ तीनदा जाळ लागला नाही तर बटण साध्या दाबण्याला दादच देत नाही. मग बराच वेळ दाबून धरावं लागतं, आणि ते फक्त मेकॅनिकने करायचं अशी अपेक्षा आहे. म्हणजे तिसऱ्याचा संशय जाळावर जेवढा आहे त्याहून जास्त घरमालकावर आहे, आणि तो रास्त आहे.

हे मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं. ते जन्मभर ऑइल बर्नरची कामं करून निवृत्त झालेले. त्यांच्या नखांच्या कडा अजून काळ्या आहेत. "बटण एकदा दाबायचं," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा हात शिवशिवला तर हात खिशात घालायचा आणि फोन काढायचा."

चौथा बर्नरच्या डोक्यावरचा उष्णतेने तुटणारा खटका, पाचवी तेलाच्या नळीवरची झडप. आग भलतीकडे लागली तर झडपेच्या चाकाचा धातूच वितळतो आणि आतली स्प्रिंग तेल बंद करते. या दोघांना आयुष्यात एकदाच काम करायचं असतं, आणि तेही करायची वेळ न आली तर बरं. शिवाय तळघराच्या जिन्याच्या वरच्या टोकाला, भिंतीवर, लाल पट्टीचा स्विच: ऑइल बर्नर, आणीबाणी. खाली आग असेल तर खाली न उतरता वरूनच बंद करता यावा म्हणून वर. नव्याने आलेले पाहुणे बहुधा तो दिव्याचा समजून दाबतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान गार पाण्याने आंघोळ करतात.

आमच्याकडे बिघडला तो दुसरा, ॲक्वास्टॅट. त्याचा रिले आधी भुणभुणायला लागला, मग थरथरायला. खट् असा एकदा वाजण्याऐवजी तो खटखटखट असा दात वाजवायचा आणि पंप लागतोय की नाही ते कळायचं नाही. मेकॅनिकला बोलावलं. त्याने सांगितलेल्या रकमेत सुट्या भागाची किंमत थोडी होती आणि बाकीची त्याच्या येण्याजाण्याची, अनुभवाची आणि ऑक्टोबर महिन्याची. कारण थंडीच्या तोंडावर सगळ्या गावाचे बॉयलर एकदम आठवतात. भाग बाजारात मिळतो. तो बदलायला बॉयलरमधलं पाणी काढावं लागत नाही, कारण बोट असतं बंद नळीत, ते कोरडंच बाहेर येतं. बाकी उरतात तारा आणि स्क्रू. लहानपणी किटकॅट फ्यूजमध्ये तार भरलेल्या पिढीला एवढं जमायला हरकत नाही, असं मी मनाशी ठरवलं.

मात्र इथे कायदा आडवा येऊ शकतो. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये ऑइल बर्नरचं काम करायला राज्याचं सर्टिफिकेट लागतं. राज्य बदललं की नियम बदलतो. म्हणून आधी गावच्या फायर डिपार्टमेंटला विचारून घेतलं. आणि स्वतःचं मतही सांगून ठेवतो: तारांचं काम शिकून करता येतं, पण फवाऱ्याचा नॉझल, पंपाचा दाब, हवेचं झाकण यांना हौशी माणसाने हात लावू नये. जाळ नीट आहे की नाही हे धुरातले वायू मोजून ठरतं, डोळ्यांनी बघून नाही. "छान पिवळा पेटलाय" हा निष्कर्ष चुलीपुरता ठीक.

काम सुरू करण्याआधी आजोबांनी बॉयलरला तारेने लटकवलेलं कार्ड वाचायला लावलं. प्रत्येक बॉयलरला असं एक मळकट कार्ड असतं. आलेला मेकॅनिक त्यावर तारीख, नॉझलचं माप, बदललेला फिल्टर आणि आद्याक्षरं लिहून जातो. आमच्या कार्डावर आमच्या आधीच्या मालकांची सगळी हिवाळी दुखणी नोंदलेली होती, वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या घाईत. आणि मधूनमधून एकच शेरा: "मालकाला सांगितलं." काय सांगितलं ते लिहिलेलं नाही. कुठल्या मालकाला तेही नाही. दर काही वर्षांनी कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगितलंय, आणि ज्याअर्थी पुढच्या माणसाला ते पुन्हा सांगावं लागलंय त्याअर्थी काय झालं असेल ते स्पष्ट आहे. त्यांतला एक शेरा आजोबांच्याच हातचा निघाला. त्यांनी चष्मा काढून जवळून पाहिला. "धुराड्याबद्दल असेल," म्हणाले. मग जरा विचार करून, "किंवा कुत्र्याबद्दल."

दसऱ्याचा दिवस होता. खंडेनवमीला बायकोने माझा स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर आणि पक्कड पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू लावलं होतं, त्यामुळे मल्टिमीटरच्या बटणांत कुंकू गेलं होतं, पण आकडे बरोबर दाखवत होता. जिन्यावरचा लाल स्विच बंद केला, पॅनेलमधला ब्रेकरही बंद केला, आणि मग तारांवर मल्टिमीटर लावून खरोखर वीज नाही ना ते पाहिलं. हे तिसरं पाऊल आजोबांच्या आग्रहाचं. ब्रेकरवर लिहिलेली नावं ही आधीच्या मालकांची मतं असतात, असं त्यांचं म्हणणं. झाकण काढलं. आत पितळी स्क्रू रांगेने: एल१, एल२ ला घराची १२० व्होल्टची वीज, बी१, बी२ ला बर्नर, सी१, सी२ ला पंप, टीटीला वर थर्मोस्टॅटकडे जाणाऱ्या २४ व्होल्टच्या बारीक तारा. प्रत्येक तारेला मास्किंग टेपचं शेपूट लावून त्यावर नाव लिहिलं, फोटो काढले. दोन तारा अशा होत्या की त्या जात कुठेच नव्हत्या, भिंतीत शिरून संपत होत्या. त्यांना आजोबांनी हातही लावू दिला नाही. "त्या कुणाच्या तरी आहेत," एवढंच म्हणाले, आणि त्यांची टोकं झाकून गुंडाळून ठेवायला लावली.

जुनं बोट बंद नळीत चिकटल्यासारखं झालं होतं. ओढलं तर केसाएवढी नळी तुटेल, न ओढावं तर निघत नाही. हलकेच फिरवत, मध्ये थांबत, पुन्हा फिरवत ते काढलं. नव्याचं बोट द्रवाचं नाही. सेन्सर आहे, मागे तार. त्याला उष्णता नीट पोचावी म्हणून पांढरं मलम लावून आत सरकवलं, नवा डबा बसवला आणि तारा आपापल्या स्क्रूला बांधल्या. सगळ्या कामात अवघड असं काही नव्हतं. वेळ गेला तो प्रत्येक स्क्रू आवळल्यावर तार ओढून बघण्यात. हा संशय संसर्गजन्य असावा.

पेटवायच्या वेळी मामांना व्हिडिओवर घेतलं. आमची सकाळ, त्यांची संध्याकाळ. मामा अंगणात खुर्ची टाकून, मागे मोटरसायकलींचे आवाज. "नारळ?" त्यांनी आधी विचारलं. नारळ होता, बायकोने तो आधीच इंडियन स्टोअरमधून आणून ठेवला होता. तळघराच्या काँक्रीटवर फोडला. आजोबांना वाटलं हीसुद्धा चाचणीतली एखादी पायरी असेल, आणि ते आदराने बाजूला सरकले.

स्विच चालू. वर बायकोने थर्मोस्टॅट वाढवला. नव्या रिलेचा एकच खट् आला. बर्नरची मोटर फिरली, ठिणगीची चरचर झाली, आणि पाठोपाठ जाळाचा दबका घोष. पाणी वर चढलं, ठरल्या अंकाला बर्नर थांबला, म्हणजे वरची मर्यादा पाळली जाते आहे. मग तिसऱ्याची परीक्षा. जाळ चालू असताना मी तेलाची झडप बंद केली. जाळ विझला. आता डोळ्याने अंधार ओळखून पंधरा सेकंदांत सगळं बंद पाडायला हवं. सांगलीहून मामा मोठ्याने आकडे मोजायला लागले. तेरा, चौदा, असं म्हणेपर्यंत सगळं थांबलं. "वेळेत आहे," मामा म्हणाले, आणि पुन्हा एकदा विचारलं, "पण त्याच्यापाशी बसणार कोण?"

आता या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे, आणि ते मी कुणाला सांगत नाही. नव्या कंट्रोलच्या छातीवर लाल आकड्यांची खिडकी आहे. पाणी या क्षणी किती गरम आहे ते तिथे दिसतं. या घरात इतकी वर्षं पाणी किती गरम आहे हे कुणालाही माहीत नव्हतं. नळ सोडला, हात घातला, झालं. आता माहीत असतं. १७२. १७३. मग बर्नर थांबतो, तरी आकडा थोडा वर जातो, कारण लोखंडात उष्णता उरलेली असते. मग उतरायला लागतो. हे उतरणं बघण्यासारखं असतं. मी कपडे वाळत घालायला म्हणून खाली जातो. बल्ब बघायला म्हणून जातो. ज्या यंत्राचा सगळा हेतू मला तिथे बसावं लागू नये हा, त्याच्यासमोर आता प्लास्टिकची एक खुर्ची आहे. ती कुणी ठेवली हे विचारलं तर मी सांगेन की ती आधीपासून होती. कार्डावर नव्या कंट्रोलची नोंद मी स्वतःच्या अक्षरात केली आहे. खाली शेरा लिहायचा राहिला होता, तो बायकोने लिहिला: "मालकाला सांगितलं."

दिवाळीच्या फराळाला मंडळाची ओळखीची कुटुंबं आली होती. इथल्या जुन्या मराठी लोकांत हीटिंग हा विषय एकदा निघाला की मुलांच्या कॉलेजचा मागे पडतो. कुणाकडे गॅलनला काय भाव लागला, कुणी हीट पंप घेतला आणि कडाक्याच्या थंडीत त्याचं काय झालं, कुणाचा अजून वाफेचा रेडिएटर आहे आणि तो रात्री कसा ठोकतो. नवा कंट्रोल बघायला सगळे पुरुष आणि दोन बायका खाली उतरलो. त्यांतली एक केमिकल इंजिनीअर. तिने आल्या आल्या विचारलं की खालची मर्यादा पंपाला अडवते की नुसती बर्नरला लावते, आणि मग चर्चेला खरा रंग चढला. वरून हाका येत होत्या. आकडा तेव्हा १६४ होता आणि बर्नर कुठल्या आकड्याला लागतो यावर दोन मतं होती, त्यामुळे कुणालाच हलता येत नव्हतं. १६३. मोबाइलचे कॅमेरे निघाले. १६२.

खिडकी एकदम काळी झाली. पंप थांबला. तळघरात दिवा होता, बाकी सगळं निपचित. कुणी म्हणालं फ्यूज, कुणी म्हणालं रिले, आणि मी मल्टिमीटरकडे हात नेतो तोच जिन्याच्या वरून, लाल स्विचपाशी उभ्या असलेल्या बायकोचा आवाज आला.

"पानं वाढलीत. जेवणं झाली की परत चालू करते."